आधी पत्ता, मग नाव

९ जून १८८७ रोजी लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या इस्पितळात एका लष्करी कॅप्टनची पाठ उघडून ठेवली होती आणि आत काहीच सापडत नव्हतं.

हा कॅप्टन जवळजवळ तीन वर्षं वेदनेनं हैराण होता. दुखणं डाव्या खांद्याच्या पात्याखाली होतं. डॉक्टर बदलत गेले तशी निदानंही बदलत गेली. कुणी बरगडीतली नस दुखते म्हणालं, कुणाला रक्तवाहिनीला फुगा आल्याचा संशय आला, कुणाला हे मनाचे खेळ वाटले. मग पाय लुळे पडले, लघवी अडली. शेवटी तो विल्यम गॉवर्स यांच्यापुढे आला. मज्जासंस्थेच्या आजारांत त्या काळी त्यांच्याएवढा जाणकार क्वचितच कुणी असेल. त्यांनी कातडीवर कुठपर्यंत स्पर्श कळतो आणि कुठून खाली कळत नाही हे तपासलं आणि निदान केलं : कण्याच्या पोकळीत गाठ आहे, ती मज्जारज्जू दाबते आहे. एक्स-रेचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती.

शस्त्रक्रियेला उभे राहिलेले व्हिक्टर हॉर्स्ली तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते. हिशेबाप्रमाणे गाठ जिथे असायला हवी तिथल्या मणक्यांच्या मागच्या कमानी त्यांनी काढल्या, मज्जारज्जूवरचं आवरण उघडलं. गाठ नव्हती. थोडं वर सरकले, तरी नाही. आता जखम शिवून टाकणं सोपं होतं आणि कुणी दोषही दिला नसता. पण आणखी थोडं वर जायचं ठरलं, आणि तिथे डाव्या बाजूला बदामाएवढी गाठ मज्जारज्जूत खळगा पाडून बसलेली दिसली. ती निघाली. कॅप्टन पुढे चालू लागला, कामावर परतला. गॉवर्स आणि हॉर्स्ली यांनी १८८८ मध्ये ही हकिगत छापली. मज्जारज्जूवरच्या गाठीचं आधी निदान करून मग ती यशस्वीपणे काढल्याचा हा पहिला दाखला मानतात.

वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट विजयाची म्हणून सांगतात. मला तिच्यातली चूक जास्त मोलाची वाटते. गॉवर्स यांचं निदान बरोबर होतं. पत्ता थोडा खाली लिहिला गेला होता. कण्यातल्या गाठींचं शास्त्र गेली सव्वाशे-दीडशे वर्षं मुख्यतः या पत्त्याशीच झगडत आलं आहे. इतर अवयवांत गाठ कसली आहे हा पहिला प्रश्न असतो. कण्यात आधी विचारतात, गाठ कुठे आहे.

पत्ता का चुकला हे समजायला कण्याची ठेवण थोडी पाहावी लागेल. कण्याच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू मोठ्या माणसात साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब, करंगळीएवढा जाड. त्यातून नसांच्या ३१ जोड्या फुटतात. आईच्या पोटात असताना सुरुवातीला मज्जारज्जू आणि कणा सारख्याच लांबीचे असतात. मग कणा झपाट्यानं वाढतो, मज्जारज्जू मागे राहतो. मोठेपणी तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि खाली उरतो तो नसांचा झुबका. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याचं लॅटिन नावही तेच आहे. यामुळे मज्जारज्जूचा छातीचा सहावा भाग छातीच्या सहाव्या मणक्यासमोर नसतो, त्याच्या वर असतो; जसजसं खाली जावं तसतशी तफावत वाढत जाते. त्यात आणखी एक गंमत. कातडीच्या प्रत्येक पट्ट्याला शेजारच्या नसांचाही थोडा पुरवठा असतो, त्यामुळे एक नस मेली तरी शेजारणी काम चालवून घेतात आणि बधिरपणाची वरची सीमा प्रत्यक्षापेक्षा खाली भासते. दोन्ही चुका एकाच दिशेनं ढकलतात. गाठ नेहमी वाटते त्यापेक्षा वर.

आता गाठींची वर्गवारी. जुन्या वाड्याची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती सोपी जाईल. मज्जारज्जूभोवती एक जाड, चिवट आवरण असतं, त्याला ड्युरा म्हणतात. ड्युराच्या बाहेर, म्हणजे हाडात किंवा हाड आणि ड्युरा यांच्यामधल्या जागेत गाठ असेल, तर ती ओसरीवर आहे. ड्युराच्या आत, पण मज्जारज्जूच्या बाहेर असेल, तर माजघरात. आणि खुद्द मज्जारज्जूच्या आत असेल तर देवघरात. डॉक्टरांच्या भाषेत एक्स्ट्राड्युरल, इंट्राड्युरल-एक्स्ट्रामेड्युलरी आणि इंट्रामेड्युलरी. ढोबळमानानं निम्म्याहून जास्त गाठी ओसरीवर, उरलेल्यांतल्या बहुतेक माजघरात, आणि देवघरात शंभरातल्या पाच-दहा. एवढा पत्ता कळला, की नावांची लांबलचक यादी चार-पाचांवर येते.

ओसरीवर येणारे बहुतेक पाहुणे असतात. मोठ्या माणसाच्या मणक्यातली घातक गाठ बहुतेक वेळा तिथली मूळ रहिवासी नसते. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या कर्करोगानं पाठवलेली ती शाखा असते. प्रोस्टेटचा कर्करोग कमरेच्या मणक्यांकडे एवढ्या सहज कसा पोचतो, हे कोडं बराच काळ होतं. फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये मृतदेहांच्या शिरांत रंगद्रव्य भरून दाखवलं की ओटीपोटातल्या शिरा कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला थेट जोडलेल्या आहेत आणि या जाळ्यात झडपा नाहीत. झडपा नाहीत म्हणजे रक्ताला एकच दिशा नाही. माणूस खोकला, शिंकला, कुंथला की पोटातला दाब वाढतो आणि रक्त उलटं कण्याकडे ढकललं जातं. पेशी त्याच्याबरोबर जातात. फुप्फुसाचा कर्करोग धमन्यांमार्गेही पोचतो, त्यामुळे बॅटसनचं जाळं हे सगळं उत्तर नव्हे. पण उत्तराचा एक मोठा तुकडा नक्की आहे.

अशा पसरलेल्या गाठी सर्वांत जास्त छातीच्या मणक्यांत दिसतात. तिथे मणके बारा, म्हणून जागाही जास्त. आणि पोकळी मात्र अरुंद, म्हणून दाब लवकर पडतो. हाडातच जन्मणारे आजारही आहेत. मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा मायलोमा मणक्यांना वाळवीसारखा पोखरतो. गर्भावस्थेतल्या कण्याच्या आद्य दोरीचे अवशेष राहून जातात, त्यांतून माकडहाडाजवळ कॉर्डोमा नावाची संथ पण हट्टी गाठ होते. तरुणांत ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची हाताच्या नखाएवढी निरुपद्रवी गाठ रात्री जीव नकोसा करते आणि ॲस्पिरिननं आश्चर्यकारकरीत्या शमते. हा गुण इतका ठळक आहे की नुसत्या हकिगतीवरून तिचा संशय घेता येतो.

माजघरातल्या गाठी बहुतेक सौम्य असतात आणि म्हणूनच निदान लांबलं की हळहळ वाटते. इथे दोन मुख्य घराणी. मेनिंजिओमा आवरणातून उगवतो, चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांत फार जास्त, आणि बहुधा छातीच्या भागात. काही वेळा त्यात चुन्याचे बारीक कण साठतात, सूक्ष्मदर्शकाखाली वाळूसारखे दिसतात. दुसरं घराणं नसांच्या वेष्टनातून येणारं, श्वानोमा. ही गाठ कधी कधी मणक्यांमधल्या नसेच्या भोकातून अर्धी आत, अर्धी बाहेर वाढते. मध्ये चिमटलेली, दोन्हीकडे फुगलेली. इंग्रज डॉक्टरांना तिच्यात व्यायामाचं डंबेल दिसलं. आपल्याला डमरू दिसेल. तिचा चुलतभाऊ न्यूरोफायब्रोमा. फरक असा की श्वानोमा नसेचे तंतू बाजूला सारतो, तर न्यूरोफायब्रोमाच्या आतूनच ते तंतू जातात. शल्यविशारदाला हा फरक जिवाचा असतो : पहिलीत नस वाचवता येण्याची आशा जास्त.

देवघरात गाठ होणं मात्र वाईटच. मोठ्या माणसांत तिथे सर्वांत जास्त आढळतो एपेंडिमोमा. मज्जारज्जूच्या मधोमध एक सूक्ष्म नळी असते, तिच्या अस्तरातून तो येतो, म्हणून मध्यभागी असतो आणि भोवतालचा मज्जारज्जू ताणत वाढतो. त्याची कड बऱ्याचदा साफ असते. दुसरा ॲस्ट्रोसायटोमा, लहान मुलांत जास्त. तो पिठात मीठ मिसळावं तसा मज्जारज्जूत मिसळलेला असतो; गाठ कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. न्यूयॉर्कचे चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९१०च्या सुमारास या देवघरात शिरायची विलक्षण युक्ती काढली. पहिल्या दिवशी मज्जारज्जूला मागून मधोमध बारीक चीर द्यायची आणि गाठीला हात न लावता जखम बंद करायची. आतल्या दाबामुळे आठवड्याभरात गाठ स्वतःच चिरेतून वर डोकावते. मग दुसऱ्यांदा उघडून ती अलगद उचलायची. शस्त्रक्रियेचं सूक्ष्मदर्शक यंत्र आल्यावर या युक्तीची गरज उरली नाही.

रुग्णाला या खोल्या माहीत नसतात. त्याला माहीत असते ती पाठदुखी. आणि पाठ तर आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांची दुखते. उसण भरते, चमक निघते, आठ-पंधरा दिवसांत जाते. गाठ असलेली पाठदुखी या गर्दीत लपून राहते. ओळखायच्या खुणा आहेत, पण त्या विचारून काढाव्या लागतात. साधी कंबरदुखी आडवं पडलं की बरी वाटते. गाठीची वेदना उलट रात्री आडवं पडल्यावर वाढते. माणूस उठून खुर्चीत बसून झोपतो. खोकताना, शौचाला जोर करताना कळ उठते. छातीच्या भागातली नस दबली तर पाठीपासून पुढे पोटापर्यंत पट्टा आवळल्यासारखं दुखतं, आणि मग तो माणूस पित्ताशयाची सोनोग्राफी, हृदयाचा कार्डिओग्राम अशा फेऱ्या मारत राहतो. नागीण उठणार असेल म्हणून कुणी पुरळाची वाट पाहतं.

पाय बिघडू लागले की खुणा आणखी बोलक्या होतात, पण त्याही घरगुती भाषेत. आपल्याकडे मज्जाविकारतज्ज्ञ हमखास विचारतात : चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली तर लगेच कळतं, की दोन पावलं पुढे गेल्यावर? निसटते पण कळतं, म्हणजे पायाची ताकद गेली. निसटते आणि कळतही नाही, म्हणजे संवेदनाही गेली. चेहरा धुताना डोळे मिटले की तोल जातो का? जमीन कापसाची वाटते का? एका पायाला अंघोळीचं पाणी गरम लागतं आणि दुसऱ्याला नुसतंच ओलं, असं होतं का? शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. ताकदीचे तंतू मेंदूजवळच बाजू ओलांडून खाली येतात, तर वेदना आणि उष्णतेचे तंतू मज्जारज्जूत शिरताच बाजू बदलतात. म्हणून गाठ मज्जारज्जूची उजवी बाजू दाबत असेल तर उजवा पाय लंगडतो आणि गरम पाणी डाव्या पायाला कळत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्राउन-सेकार यांनी उलगडलेलं हे कोडं अंघोळीच्या बादलीपाशी सुटू शकतं.

मग कातडीवरचा नकाशा. स्तनाग्राची पातळी छातीच्या चौथ्या नसेची, बेंबीची दहाव्या नसेची. डॉक्टर टाचणीनं खालून वर टोचत येतात, आणि रुग्ण जिथे 'आता टोचलं' म्हणतो ती रेघ हाच कच्चा पत्ता. गॉवर्स यांनी हेच केलं होतं.

कच्चा म्हणायचं कारण आहे. बाहेरून दाब पडला तर मज्जारज्जूच्या सर्वांत बाहेरच्या थरातले तंतू आधी निकामी होतात, आणि ते असतात पायांचे व बैठकीच्या भागाचे. त्यामुळे गाठ छातीत असूनही बधिरपणा पावलांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढतो. बरेच दिवस तक्रार फक्त पायांची असते. मग होतं काय, तर 'पाय जड पडतात' म्हणून कमरेचा एमआरआय काढला जातो. पन्नाशीच्या कमरेत काही ना काही सापडतंच. चकती थोडी सरकलेली, हाड थोडं वाढलेलं. 'मणक्यात गॅप आहे' असं घरी सांगितलं जातं, पट्टा आणि ट्रॅक्शन सुरू होतं. फिल्म खोटी नसते. ती चुकीच्या मजल्याची असते. मज्जारज्जू कमरेच्या दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे पायांत ताठरपणा असेल, तळव्याला रेघ ओढल्यावर अंगठा वर जात असेल, तर दोष त्याच्या वरच असणार. बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितलेली ही अंगठ्याची खूण तपासायला किल्लीचं टोक पुरतं. एवढ्या स्वस्त तपासणीला वेळ न देता महागडी तपासणी चुकीच्या जागेची करणं, याला दुर्दैव म्हणावं की आळस, हे वाचकांनी ठरवावं.

एमआरआयपूर्वी पत्ता पक्का कसा करत, ती कहाणी चुकवू नये अशी आहे. क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेत सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायची रीत रुळवली. गाठीनं वाट अडवली असेल तर खालचं साचलेलं पाणी पिवळं पडतं आणि त्यात इतकी प्रथिनं असतात की ते नळीत गोठतं. १९१६ मध्ये जर्मन डॉक्टर क्वेकनश्टेट यांनी सुई कमरेत असताना रुग्णाच्या मानेतल्या शिरा बोटांनी दाबून पाहिल्या. वाट मोकळी असेल तर डोक्यातला वाढलेला दाब लगेच कमरेतल्या नळीत उमटतो. उमटला नाही तर मध्ये कुठेतरी बोळा आहे. कुठे ते मात्र कळत नसे. ते कळलं पॅरिसला, १९२०च्या दशकाच्या आरंभी. सिकार आणि फॉरेस्टिए हे दोघे खसखशीच्या तेलात आयोडिन मिसळलेलं लिपिओडॉल नावाचं औषध दुखण्यावर टोचून पाहत होते. एकदा ते चुकून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेलं. रुग्णाला काही झालं नाही, पण एक्स-रेत तेलाचा थेंब कण्यातून घरंगळताना दिसला. गाठ असेल तिथे थेंब अडतो, आणि त्याच्या टोकाचा आकारच सांगतो की अडथळा कोणत्या खोलीतला आहे. पुढे साठ वर्षं, औषधं बदलत, हीच पद्धत चालली.

आज एमआरआयनं हे सगळं मागे टाकलं आहे. साधा एक्स-रे मणक्याचं तीस ते पन्नास टक्के हाड झिजेपर्यंत गप्प राहतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत प्रत्येक मणका दोन डोळे असलेल्या घुबडासारखा दिसतो. हे डोळे म्हणजे मणक्याचे दोन बाजूंचे खांब; एका बाजूचा खांब कर्करोगानं खाल्ला की घुबड डोळा मारतं. ही खूण दिसते तोवर उशीर झालेला असतो. एमआरआय खोली दाखवतो, आणि शिरेतून गॅडोलिनियम दिल्यावर गाठ उजळते. मेनिंजिओमा एकसारखा उजळतो आणि त्याच्या कडेनं आवरणाला शेपटी फुटल्यासारखी दिसते. एपेंडिमोमाच्या वरच्या-खालच्या टोकाला जुन्या रक्तस्रावाची काळी टोपी असू शकते. कर्करोग पसरल्याचा संशय असेल तर सबंध कण्याचा एमआरआय काढायचा, कारण अशा गाठी एकट्यादुकट्या येतातच असं नाही.

पण चित्र कितीही स्वच्छ असलं तरी भारतात एक पेच कायम उभा असतो : क्षय. मुंबईच्या वॉर्डांत त्याला 'कॉक्स स्पाइन' म्हणतात. मणका खचलेला, रात्री वेदना, वजन घटलेलं, ईएसआर चढलेला. हे वर्णन क्षयाचंही आहे, पसरलेल्या कर्करोगाचंही आणि मायलोमाचंही. जुना ठोकताळा असा की क्षय दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती, तिन्ही खातो. कर्करोग मणका खातो आणि चकतीला सहसा हात लावत नाही. बाजूला पू साठलेला दिसला तर कौल क्षयाकडे. ठोकताळा चांगला आहे, पण चकती शाबूत ठेवणारा क्षयही असतो. म्हणून नुसत्या फिल्मवर क्षयाची औषधं सुरू करून महिनोन्‌महिने वाट पाहणं धोक्याचं. सीटी स्कॅनच्या मदतीनं मणक्यात सुई घालून तुकडा काढता येतो. त्याच तुकड्यावर जंतूंची जनुकीय चाचणीही होते आणि कर्करोगाचीही.

याच्या अगदी उलटी गोष्ट हिमँजिओमाची. मणक्यातल्या रक्तवाहिन्यांचा हा निरुपद्रवी गुच्छ दहा माणसांमागे साधारण एकाच्या कण्यात असतो. सीटीत तो पांढऱ्या ठिपक्यांच्या कापडासारखा दिसतो. रिपोर्टमध्ये त्याच्या नावाशेवटी 'ओमा' वाचून घराघरांत रडारड होते. बहुसंख्यांच्या बाबतीत त्याला काहीच करायचं नसतं.

पत्ता मिळाला, आता नाव. सुईनं तुकडा काढणं सोपं वाटतं, पण सुई कुठून घातली हेही महत्त्वाचं असतं. कॉर्डोमासारख्या गाठीच्या पेशी सुईच्या वाटेत सांडू शकतात, म्हणून ती वाटसुद्धा नंतरच्या शस्त्रक्रियेत गाठीसकट काढावी लागते. जो शल्यविशारद पुढे गाठ काढणार आहे त्याला विचारूनच सुईची जागा ठरवावी, हा संकेत त्यातून आला. दुसरा सापळा स्टेरॉइडचा. मज्जारज्जू दबला की सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात आणि ते योग्यच आहे. पण गाठ लिंफोमा असेल तर ती स्टेरॉइडनं विरघळू लागते, आणि तुकड्यात काहीच सापडत नाही. म्हणून पाय धडधाकट असतील आणि लिंफोमाचा संशय असेल, तर तुकडा आधी, स्टेरॉइड नंतर. मायलोमात कधी सुईआधीच रक्ताच्या प्रथिनांची चाचणी नाव सांगून टाकते. हे नाव कळणं फार फायद्याचं असतं, कारण लिंफोमा आणि मायलोमा किरणांना आणि औषधांना इतके वितळतात की अनेकदा सुरीची गरजच पडत नाही.

गेल्या काही वर्षांत नाव ठरवण्याची रीतच बदलली. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशी दिसते यावर नाव ठरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या वर्गीकरणानं त्यात जनुकांना जागा दिली, २०२१च्या आवृत्तीनं ती आणखी वाढवली. कण्यातला एपेंडिमोमा एरवी बऱ्यापैकी संथ. पण त्यात एमवायसीएन या जनुकाच्या अनेक प्रती झालेल्या असतील तर तो वेगळाच, आक्रमक आजार मानतात. एच३ के२७ हा बदल असलेली मध्यरेषेतली पसरट गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कितीही सौम्य दिसली तरी तिची श्रेणी चौथीच. मज्जारज्जूच्या शेपटीशी होणाऱ्या मिक्सोपॅपिलरी एपेंडिमोमाला पूर्वी पहिली श्रेणी होती. तो काढल्यावरही परत उगवतो हे लक्षात आल्यावर २०२१ मध्ये त्याला दुसरीत चढवलं. म्हणजे जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट यांत आकडा बदलला, तर दरवेळी आजार वाढलाच असेल असं नाही. मोजपट्टी बदललेली असू शकते.

तरीही पत्त्याचं महत्त्व संपलं नाही. हाडातल्या मूळ गाठींसाठी १९९७ मध्ये वाइनस्टाइन, बोरियानी आणि बियाजिनी यांनी मणका आडवा कापून त्यावर चक्क घड्याळ बसवलं. बारा पाकळ्या, आणि बाहेरून आत पाच थर. गाठ 'चार ते नऊ' पाकळ्यांत आहे म्हटलं की ती कोणत्या बाजूनं अखंड काढता येईल हे जगभरच्या शल्यविशारदांना कळतं. पसरलेल्या कर्करोगासाठी २०१० मध्ये आणखी एक साधन आलं, कणा किती डळमळीत झाला आहे याचे अठरा गुण. जागा, हालचालीनं होणारी वेदना, हाड झिजलं की घट्ट झालं, कणा वाकला का, मणका किती खचला आणि मागचे सांधे शाबूत आहेत का. सहापर्यंत निर्धास्त, तेरापासून पुढे डळमळीत, मधल्यांनी शल्यविशारदाचा सल्ला घ्यायचा. रात्रीची वेदना गाठीची असते, पण बसताना-उठताना होणारी आणि पडल्यावर थांबणारी वेदना खचत्या हाडाची असते. तिला किरणोपचार पुरत नाहीत. तिला स्क्रू आणि सळ्या लागतात.

शस्त्रक्रियेनं नेमकं काय हाती लागतं, याचं उत्तर २००५च्या एका चाचणीत आहे. अमेरिकेत पॅचेल आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जू दबलेल्या १०१ कर्करुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फक्त किरण, दुसऱ्याला आधी शस्त्रक्रिया करून दाब काढणं आणि मग किरण. उपचारानंतर चालू शकणारे पहिल्या गटात ५७ टक्के, दुसऱ्यात ८४ टक्के. चालण्याची क्षमता टिकली ती किरणांच्या गटात मध्यकानुसार १३ दिवस, शस्त्रक्रियेच्या गटात १२२ दिवस. कर्करोग बरा झाला असं कुणी म्हणत नव्हतं. साधारण साडेतीन महिने जास्त स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जाता येणं, एवढाच तो फरक होता. लिंफोमासारख्या किरणांनी विरघळणाऱ्या गाठी आणि दोन दिवसांहून अधिक काळ पाय पूर्ण गेलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. दोन दिवसांची ही अट लक्षात राहावी अशी आहे. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नसते.

आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत आजही हॉर्स्ली यांचा प्रश्न पहिला येतो. पालथ्या झोपवलेल्या माणसाच्या पाठीला बाहेरून आकडे नसतात. छातीच्या मधल्या भागात सगळे मणके सारखे दिसतात. काहींना कमरेत एक मणका जास्त असतो, काहींना बरगड्यांची एक जोडी कमी असते, आणि खालून मोजलं तर सातवा ठरणारा मणका वरून मोजल्यावर आठवा निघतो. म्हणून चीर देण्याआधी सी-आर्म नावाचं फिरतं एक्स-रे यंत्र पाठीवर आणतात, कातडीवर सुई ठेवतात आणि पडद्यावर मणके मोजतात. माकडहाडापासून वर एकदा, मानेपासून खाली एकदा, मोठ्यानं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून.